यंत्राची अक्कल : उसनी की घरची?

मोबाइलला मराठीत प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, हे आता आपल्याला नवं राहिलेलं नाही. यालाच एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. पण बहुतेक वेळा ते उत्तर मोबाइलमध्ये तयार होत नाही. आपला प्रश्न दूरच्या मोठ्या संगणक केंद्रात जातो आणि तिथून उत्तर येतं. अशा बऱ्याचशा यंत्रणा परदेशी कंपन्यांच्या आहेत. मग भारताने स्वतःची यंत्रणा उभारावी, की तो पैसा शाळा, दवाखाना आणि पाण्यावर घालावा?

आधी एक जुनी गोष्ट ऐकूया. १९८०च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवा तसा संगणक द्यायला नकार दिला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिथे ‘परम’ हा आपला महासंगणक तयार झाला. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली की कुलूप त्याच्याच मर्जीने उघडतं.

आता मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडियाएआय मिशन मंजूर केलं. पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये. त्यातून नवे उद्योजक, संशोधक आणि विद्यार्थी यांना मोठे संगणक कमी दरात वापरायला मिळतात. मात्र त्यातल्या मुख्य चिप अजून बाहेरूनच येतात. म्हणजे गिरणी आपली, पण दगड परगावचे.

खर्चाची दुसरीही बाजू आहे. ही केंद्रं रात्रंदिवस वीज खातात, आणि यंत्रं थंड ठेवायला अनेक ठिकाणी पाणीही लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? आपल्या बचत गटाकडेच पाहूया. आपण आधी आपला निधी जमवला, मग बँकेत गेलो. बँक सोडली नाही, पण सावकाराच्या दारात उभं राहणं थांबलं. देशानेही तसंच करावं, असं आम्हाला वाटतं. बाहेर स्वस्त मिळेल ते घ्यावं, पण जे दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही, ते स्वतः उभारावं.

त्यात पहिली येते भाषा. इंग्रजीचा मजकूर अफाट आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीचा थोडाच. यंत्राला आपली बोली कळली नाही, तर पीक विम्याची माहिती विचारायलाही लेकीला किंवा पुतण्याला हाक मारावी लागेल. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करतो. त्याच्या ‘भाषादान’मध्ये सामान्य माणसंही आपला आवाज देऊ शकतात. देशाच्या पैशाचं असं काम आपल्या उंबरठ्यापर्यंत पोचतं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. आपला आवाज कुणी मागितला, तर तो कशासाठी वापरणार, हे आधी विचारा. आपल्या भागात संगणक केंद्र येणार असेल, तर ग्रामसभेत विचारा : पाणी कुठलं, वीज कुणाची, आणि काम कुणाला? पैसा आपल्या करातला आहे. हिशेब विचारायची सवय गटाने आपल्याला लावलीच आहे.