न्यायालयातील सत्याग्रही

राजसत्तेचा अन्याय उघडपणे सांगावयास धैर्य लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्याच पक्षाच्या हातून घडलेला दोष उघडपणे सांगावयास त्याहूनही मोठे धैर्य लागते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. ही दोन्ही धैर्ये एकाच पुरुषाच्या ठिकाणी एकवटलेली १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात लोकांना पाहावयास मिळाली. तो पुरुष म्हणजे महात्मा गांधी.

१९२० साली गांधीजींनी ब्रिटिश सरकारविरुद्ध असहकाराची चळवळ सुरू केली होती. प्रजेच्या साहाय्यावाचून कोणतीही राजसत्ता टिकू शकत नाही; म्हणून अन्यायी सत्तेला साहाय्य करू नये, हे या चळवळीचे सूत्र होते. त्याप्रमाणे अनेक विद्यार्थ्यांनी सरकारी शाळा सोडल्या, वकिलांनी वकिली सोडली आणि गावोगावी परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. मात्र हा सर्व प्रतिकार शांततेनेच झाला पाहिजे, असा गांधीजींचा कटाक्ष होता. अहिंसा हा त्यांच्या दृष्टीने सोयीपुरता स्वीकारलेला उपाय नव्हता; ती त्यांची धर्मश्रद्धा होती.

४ फेब्रुवारी १९२२ रोजी या श्रद्धेची कसोटी लागली. गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा या गावी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. खवळलेल्या जमावाने पोलीस ठाण्याला आग लावली आणि वीसहून अधिक पोलीस प्राणास मुकले. त्या वेळी गुजरातेतील बारडोली तालुक्यात सामुदायिक कायदेभंग सुरू होण्याच्या बेतात होता. सरकारच्या गोळीबाराकडे बोट दाखवून जमावाचे कृत्य झाकणे गांधीजींना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी तो कायदेभंग स्थगित केला आणि प्रायश्चित्त म्हणून पाच दिवसांचे उपोषण केले. विजय हाताशी आला असता ही माघार कशासाठी, असे म्हणून कित्येक सहकारी नाराज झाले. तरीही ते आपल्या निर्णयापासून ढळले नाहीत.

१० मार्च रोजी सरकारने गांधीजींना साबरमतीच्या आश्रमात अटक केली. ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकातील तीन लेखांद्वारे त्यांनी लोकांच्या मनात सरकारविषयी अप्रीती उत्पन्न केली, असा राजद्रोहाचा आरोप त्यांच्यावर होता. साप्ताहिकाचे मुद्रक व प्रकाशक शंकरलाल बँकर हेही त्यांच्यासमवेत आरोपी होते. १८ मार्च रोजी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे खटला उभा राहिला. गांधीजींनी वकील दिला नाही आणि गुन्हा तत्काळ कबूल केला.

या कबुलीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने जो गुन्हा होता, ते गांधीजींच्या मते प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य होते. आपण एके काळी या साम्राज्याशी एकनिष्ठ होतो आणि बोअर युद्धात जखमींची शुश्रूषाही केली होती, हे त्यांनी न लपविता सांगितले. पुढे १९१९ सालचा रौलट कायदा आणि जालियनवाला बागेतील हत्याकांड यांमुळे ती निष्ठा कशी नाहीशी झाली, याचेही त्यांनी विवेचन केले. चौरीचौऱ्यासारख्या अत्याचारांचा दोष सरकारी वकिलाने त्यांच्यावर ठेवला, तेव्हा त्यांनी तोही आपल्या शिरावर घेतला. आपण आगीशी खेळत होतो, हे त्यांनी मान्य केले. पण मोकळे सोडल्यास पुन्हा हाच मार्ग धरू, असेही बजावले. दयेची याचना न करता त्यांनी कायद्यातील कठोरात कठोर शिक्षा मागून घेतली.

न्यायाधीशाचीही ती परीक्षाच होती. कायद्यापुढे सर्व सारखे असले, तरी असा आरोपी आपल्यापुढे पूर्वी कधी आला नव्हता, हे ब्रूमफील्ड यांनी भर न्यायालयात सांगितले. त्यांनी गांधीजींच्या उदात्त चारित्र्याचा आदराने उल्लेख केला. १९०८ साली लोकमान्य टिळकांना याच आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली होती. तिचा दाखला देऊन त्यांनी गांधीजींनाही सहा वर्षांच्या साध्या कैदेची शिक्षा दिली. पुढे सरकारने ही शिक्षा कमी केली, तर आपल्याइतका आनंद दुसऱ्या कोणालाही होणार नाही, असेही ते म्हणाले. टिळकांच्या नावाशी आपले नाव जोडले गेले, हा गांधीजींनी आपला बहुमान मानला.

त्यानंतर गांधीजींना पुण्याजवळील येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारी रोजी सरकारने त्यांची सुटका केली.

त्या दिवशी न्यायालयात सत्ता एका बाजूला होती व तिचा विरोधक दुसऱ्या बाजूला. तथापि कोणीही खोटा शब्द उच्चारला नाही. प्रतिपक्षाचे दोष मोजताना जो आपल्या बाजूचे दोष लपवितो, त्याच्या शब्दावर हळूहळू कोणाचाच विश्वास उरत नाही. उलट, जो स्वतःविषयी खरे बोलतो आणि त्याची किंमत आनंदाने मोजतो, त्याचा शब्द त्याला शिक्षा देणाऱ्यालाही मानावा लागतो. सत्याग्रहाचे खरे बळ ते हेच.