काकांची वही आणि माझा एजंट

आमच्या इंदूरच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची एक जाडजूड वही आहे. ती सांभाळणाऱ्यांना आम्ही सगळे नुसतं ‘काका’ म्हणतो. मांडववाल्याला कधी सांगायचं, परवानगीचा अर्ज कधी द्यायचा, महाप्रसादाला किती पानांमागे किती डाळ लागते, सगळं त्या वहीत. दोन वर्षांपूर्वी ऐन उत्सवाच्या तोंडावर काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वही आम्हा तिशीतल्या मंडळींच्या हाती आली.

वहीबरहुकूम सगळं पार पडलं. फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती सुरू असतानाच हॉलमधले दिवे गेले. घाबरून काकांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, कॉफीचं मशीन आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावलेत ना? ते चालत नाही तिथे.”

“पण काका, वहीत हे कुठे लिहिलंय?”

“ते काय लिहायचं? ते मला माहीतच आहे की!”

त्या रात्री आम्ही खूप हसलो. यंदा माझ्या नोकरीत मात्र हेच वाक्य मला चांगलंच महागात पडलं.

मी बी.ई. झालो तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेली काही वर्षं माझं काम डेव्हऑप्सचं. आई नातेवाइकांना सांगते, “तो कॉम्प्युटरचं काहीतरी रात्री करतो.” फारसं चूक नाही. प्रोग्रामर मंडळी नवीन कोड लिहितात; तो क्लाउडवरच्या सर्व्हरवर, वापरणाऱ्याला कळूही न देता चढवायचा आणि बिघडलं तर क्षणात जुन्यावर आणायचं, हे आमचं काम. डेव्हऑप्स हा शब्द २००९मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात भरलेल्या एका परिषदेपासून रूढ झाला. पुढे २०१३मध्ये डॉकर आलं, २०१४मध्ये कुबरनेटीस आणि टेराफॉर्म आले आणि हातानं करायची कितीतरी कामं स्क्रिप्टवर गेली. पण कोणती स्क्रिप्ट कधी चालवायची, लॉगमधली कोणती ओळ खरंच काळजीची, हे माणूसच ठरवत होता.

आता तिथे एआय एजंट आलाय. चॅटबॉट नुसतं उत्तर देतो. एजंट स्वतः कमांड चालवतो, काय झालं ते वाचतो आणि पुढचं पाऊल ठरवतो. त्याला सर्वसाधारण ज्ञान भरपूर, पण ‘आमच्याकडे’ काय चालतं हे त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी ‘स्किल’. अँथ्रोपिक या कंपनीनं ऑक्टोबर २०२५मध्ये ही पद्धत आणली आणि डिसेंबरमध्ये ती सर्वांना वापरता येईल असं खुलं मानक म्हणून जाहीर केली.

स्किल म्हणजे प्रत्यक्षात एक साधं फोल्डर. त्यात ‘स्किल डॉट एमडी’ नावाची फाइल. वर नाव आणि हे कधी वापरायचं याचं छोटं वर्णन, खाली साध्या भाषेत सूचना, सोबत लागतील त्या स्क्रिप्ट. गंमत अशी की एजंट सुरुवातीला फक्त नावं आणि वर्णनं वाचतो. काम त्या प्रकारचं निघालं, तरच पूर्ण सूचना उघडतो. वहीची अनुक्रमणिका बघून नेमकं पान काढावं तसं.

मी पहिलं स्किल लिहिलं ते नवीन आवृत्ती चढवण्याचं. चाचण्या पास आहेत का पाहा. आधी थोड्याच वापरकर्त्यांना नव्या आवृत्तीवर पाठव. दहा मिनिटं चुकांचं प्रमाण बघ. वाढलं तर मागे फीर. ठीक असेल तर मला विचारून पुढे जा. माझी गुरुवारची जागरणं संपली. बायको म्हणाली, “तुझ्या एजंटला जेवायला बोलाव एकदा.”

मग उत्साहात दुसरं स्किल लिहिलं: चाचणीच्या क्लाउडवरच्या विनावापर डिस्क काढून टाक, उगाच भाडं जातं. एजंटनं इमानेइतबारे काम केलं. कोणत्याच सर्व्हरला न जोडलेली एक डिस्क त्यानं उडवली. ती होती महिनाअखेरच्या हिशोबाच्या चाचणीची. महिन्यातून एकदाच जोडली जायची, एरवी नुसती पडून. हे आमच्या टीममध्ये फक्त मला माहीत होतं आणि मी ते कुठेही लिहिलं नव्हतं. स्नॅपशॉट होता म्हणून अर्ध्या दिवसात डेटा परत मिळाला. वरिष्ठांनी विचारलं, “हे लिहिलं का नव्हतं?” माझ्या तोंडून निघालं, “ते मला माहीतच होतं.” आणि डोळ्यांपुढे काका उभे राहिले.

त्यातून दोन गोष्टी शिकलो. एक, काय करायचं याबरोबर काय करायचं नाही आणि का नाही, हेही लिहायचं. दुसरी त्याहून मोठी: सूचना म्हणजे कुलूप नव्हे. ‘पुसू नकोस’ असं लिहिणं वेगळं आणि पुसण्याची परवानगीच न देणं वेगळं. आता एजंटच्या खात्याला डिस्क पुसण्याचा अधिकारच नाही. तो यादी देतो, माणूस मंजुरी देतो. पासवर्ड किंवा किल्ल्या स्किलमध्ये कधीच लिहीत नाही. आणि इंटरनेटवरून कुणाचं आयतं स्किल घेतलं, तर त्यातल्या स्क्रिप्टसह ओळन्‌ ओळ वाचल्याशिवाय चालवत नाही.

न लिहिलेल्या कामाची किंमत किती असू शकते, याचं आमच्या क्षेत्रातलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचा नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचाच राहून गेला होता. बाजार उघडला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. नंतरच्या सरकारी चौकशीत दिसलं, की दुसऱ्या माणसानं तपासून पाहावं असा लेखी नियमच तिथे नव्हता. तेव्हा एआय नव्हता. चूक माणसांचीच होती.

राहता राहिला घरोघरी विचारला जाणारा प्रश्न: “मग तुझी नोकरी?” खोटं कशाला बोलू, डोक्यातलं सगळं फाइलमध्ये उतरवताना माझाही हात अडखळला होता. पण बघतोय ते असं, की कमांड टाइप करण्याचं काम कमी झालं आणि ‘इथे थांब, हे धोक्याचं आहे’ हे ओळखण्याचं काम वाढलं. ते ओळखायला खालचं सगळं कळावं लागतं. म्हणून इंजिनीअरिंगला असलेल्या आपल्या मुलामुलींना माझं सांगणं: लिनक्स, नेटवर्क आणि गिट आधी स्वतःच्या हातानं करा, चुका, दुरुस्त करा. मग त्याचं स्किल लिहा. जे स्वतःला नीट येत नाही, ते दुसऱ्यासाठी लिहिता येत नाही.

यंदा गणपतीच्या बैठकीला काका काठी टेकत आले. वहीत आम्ही नवा रकाना आखला होता, ‘का?’ असा. काकांनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि बोर्डापासून सुरुवात केली. रात्री अकरापर्यंत ते लिहीत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, “अरे, मला एवढं माहीत होतं हे मलाच माहीत नव्हतं!”