झाडांचा कार्बन कसा मोजतात?

सरोजिनी नगर, 2018: दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी सुमारे 16,500 झाडे तोडायची होती. त्यांतली सर्वाधिक सरोजिनी नगरातली. जूनमध्ये नागरिक रस्त्यावर उतरले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि वृक्षतोडीला स्थगिती मिळाली.

मोजणी: अशा झाडांतला कार्बन मोजायला जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर टेपने घेतात. त्यावरून, तसेच झाडाची उंची आणि लाकडाची घनता यांवरून सुके वजन काढतात. त्यातला जवळपास निम्मा कार्बन. त्याला 3.67 ने गुणले की तेवढ्या कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते.

साठा वेगळा, ताळेबंद वेगळा: साठा म्हणजे आजवर जमलेला कार्बन. ताळेबंद म्हणजे वर्षभरात शोषलेला कार्बन, वजा श्वसन आणि कुजण्यातून सुटलेला. जंगलात तो झाडांच्या शेंड्यांहून उंच मनोऱ्यावरच्या उपकरणांनी मोजतात. शहरात गाड्यांचा धूर मध्ये येतो, म्हणून बहुधा टेपने पुन्हा पुन्हा घेर मोजणेच बरे.

जुनी जंगले: वयस्क जंगलाची जमा-खर्चाची तोंडमिळवणी होते, असे 1969 पासून मानले जाई. 2008 मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने अनेक जुनी जंगले, त्यांत सूचिपर्णीही, अजून कार्बन साठवत असल्याचे दाखवले.

एकास दहा: तोडलेल्या झाडामागे दहा रोपे, ही दिल्लीतली भरपाई. पण कोवळी रोपे मोठ्या झाडाइतका कार्बन लगेच साठवत नाहीत: घेर दुप्पट झाला की झाडाचे वजन साधारणतः चौपटीहून अधिक होते.