पहिल्या फेरीची पारख

सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर क्षणात उतरतो. माणसाचा कस उतरावयास वर्षे लागतात. तरीही एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाचे मोल काही मिनिटांत ठरवावे, आणि त्या निर्णयावर एका गावाचा लौकिक पुढील दहा वर्षे अवलंबून राहावा, असा प्रसंग अमेरिकेत दरवर्षी येतो. हा प्रसंग म्हणजे तेथील व्यावसायिक फुटबॉल संघांची खेळाडू-निवड, म्हणजेच ‘ड्राफ्ट’. तिचे मर्म समजून घेण्यास ग्रीन बे पॅकर्स या संघाच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातील मिशिगन सरोवराच्या खाडीवर वसलेले शहर. वस्ती अवघी सुमारे १ लाख ७ हजार. १९१९ साली येथे संघ निघाला, तेव्हा डबाबंद मांसाचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने गणवेशाचा खर्च सोसला. त्यावरून ‘पॅकर्स’ हे नाव पडले. १९२३ पासून संघाचे भाग सामान्य नागरिकांच्या हाती आहेत. त्यांवर लाभांश मिळत नाही, आणि संघास कोणी एक धनाढ्य मालकही नाही. असे असता न्यूयॉर्क व शिकागो यांसारख्या महानगरांच्या पंक्तीस बसून या लहान शहराने १३ अजिंक्यपदे मिळविली आहेत. इतकी पदे दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्यास आलेली नाहीत.

हा फुटबॉल भारतात परिचित असलेल्या खेळाहून निराळा. चेंडू लांबट, तो हाती घेऊन धावावयाचे अथवा फेकावयाचे. प्रत्येक बाजूस अकरा गडी. आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो गडी म्हणजे क्वार्टरबॅक. खेळाडू बहुधा विद्यापीठांतून तयार होऊन येतात. पूर्वी श्रीमंत संघ अधिक पैसा देऊन उत्तम तरुण उचलीत, आणि दुबळे संघ अधिकच दुबळे होत. यावर फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी उपाय सुचविला: मागल्या हंगामात जो सर्वांत खाली राहिला त्याने प्रथम निवडावे, विजेत्याने शेवटी, आणि निवडलेल्या तरुणाने त्याच संघाशी करार करावा. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत अशी पहिली निवड केली. आज संघ ३२ आहेत व फेऱ्या सात.

त्या दिवशी सर्वांत प्रथम उच्चारले गेलेले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचे. त्याने व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. पॅकर्सची पाळी सातवी होती. त्यांनी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या रस लेटलो यास घेतले. तो निष्ठेने खेळला, आणि त्याच वर्षी संघ अजिंक्य ठरला. सर्वांआधी पाळी मिळणे म्हणजे उत्तम गडी लाभणे नव्हे, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला होता.

पुढे १९५६ साली पॅकर्सनी पहिल्या फेरीत जॅक लॉश यास निवडले. तो एकच हंगाम खेळला. त्याच निवडीत सतराव्या फेरीत, एकूण दोनशेव्या क्रमांकावर, बार्ट स्टार हा क्वार्टरबॅक आला. त्याचे नाव अलाबामा विद्यापीठाच्या बास्केटबॉल-शिक्षकाने पॅकर्सचे शोधक जॅक व्हेनीसी यांस सुचविले होते. याच स्टारच्या हातून संघाने पाच अजिंक्यपदे मिळविली. १९५७ साली पहिल्या फेरीत आलेला पॉल हॉर्नंग मात्र नावास जागला. १९६० च्या हंगामात १२ सामन्यांत त्याने १७६ गुण केले, आणि तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. उलट १९५९ साली सर्व संघांआधी निवडलेला रँडी डंकन कॅनडातील संघाकडे निघून गेला. पाळीने निवडीचा हक्क मिळतो, मन मिळत नाही. विन्स लोम्बार्डी यांच्या हाताखाली संघ वैभवास चढला; व्हेनीसी मात्र १९६० साली, अवघ्या ३३ व्या वर्षी, निवर्तले.

१९६८ पासूनच्या २४ हंगामांत पॅकर्स केवळ दोनदा अंतिम टप्प्याच्या सामन्यांपर्यंत पोहोचले. याच पडत्या काळात, १९८९ साली, त्यांची पाळी दुसरी आली. त्यांनी टोनी मँडरिच या प्रचंड देहाच्या गड्यास निवडले. त्याची ताकद व वेग पाहून जाणते थक्क झाले होते. परंतु दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. चार वर्षांत तो संघाबाहेर पडला, आणि विद्यापीठात असता शक्तिवर्धक औषधे घेतल्याचे पुढे त्याने स्वतःच कबूल केले. त्या वर्षीच्या पहिल्या पाच निवडींपैकी इतर चौघेही, ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस व डिऑन सँडर्स, पुढे फुटबॉलच्या सन्मान-मंदिरात जाऊन बसले.

यानंतर संघाने दोन निराळ्या वाटा धरल्या. १९९२ साली व्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी पहिल्या फेरीतील एक पाळी अटलांटा संघास देऊन ब्रेट फार्व्ह यास आणले. अटलांटाने त्यास फारसे खेळविलेच नव्हते. १९९५, १९९६ व १९९७ अशी तीन वर्षे त्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला. १९९७ मधील त्याचा मान मात्र विभागून होता. दुसरी वाट धीराची. २००५ साली तेवीस निवडी होऊन गेल्यावर ॲरन रॉजर्स हाती आला. त्यास तीन हंगाम फार्व्हच्या मागे बसविले. २००८ पासून त्याने सूत्रे घेतली आणि चार वेळा तोच सन्मान मिळविला. २०२० साली निवडलेल्या जॉर्डन लव्ह यासही याच रीतीने २०२३ पर्यंत थांबविण्यात आले.

एप्रिल २०२५ मध्ये निवडीचा हा सोहळा खुद्द ग्रीन बे येथे भरला. तेविसाव्या पाळीस टेक्सास विद्यापीठाच्या मॅथ्यू गोल्डन याचे नाव पुकारले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघाने मायका पार्सन्स या नावारूपास आलेल्या खेळाडूसाठी २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या पाळ्या डॅलस संघास देऊन टाकल्या. त्यांसोबत २०१६ साली पहिल्या फेरीतच निवडलेला केनी क्लार्कही गेला. पार्सन्स काय करू शकतो ते मैदानावर दिसून चुकले होते. दिलेल्या दोन पाळ्यांतून कोण निपजले असते, ते कोणासच ठाऊक नव्हते. बर्ट बेल यांच्या योजनेने लहान गावास मोठ्या शहराइतकीच संधी दिली. त्या संधीचे सोने मात्र तरुणाची खरी पारख करणाऱ्या आणि त्यास पिकू देणाऱ्या माणसांनीच केले.