ताण सुटल्यावर परत येते ती स्थितिस्थापकता



हंगाम तोंडावर आला की ट्रक, ट्रॉली, टायरगाड्यांची डागडुजी सुरू होते. त्यानिमित्ताने एक प्रश्न. स्थितिस्थापकता जास्त कशात, पोलादात की रबरात? आपण म्हणाल, "रबरात, हे काय विचारणं झालं?" पण शास्त्राचे उत्तर आहे, पोलादात!

नुसते ताणले जाणे म्हणजे स्थितिस्थापकता नव्हे. ओली माती दाबली तर ठसा तसाच राहतो. जोर काढल्यावर जी वस्तू मूळच्या आकाराला परत येते, ती स्थितिस्थापक. आणि तिला ताणायला जितका जोर जास्त लागेल, तितकी तिची स्थितिस्थापकता जास्त.

एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची पोलादी तार घ्या. तिला १० किलो वजन टांगले तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. २० किलो टांगले तर एक मिलिमीटर. वजन दुप्पट, वाढ दुप्पट. हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली मांडला. वजन काढले की तार होती तेवढी होते. मात्र साध्या पोलादाच्या तारेवर सुमारे २५ किलोंच्या पुढे गेलात, की ती वाढलेलीच राहते. हीच तिची मर्यादा.

कमानपाट्याचे पोलाद खास कडक असते, त्याची मर्यादा पुष्कळ वर असते. पण असतेच! ती ओलांडली की कमान बसते, आणि गाडी रिकामी केली तरी उठत नाही. दिसायला पाटा अखंड, पण त्याचे काम संपले.

रबराचे तंत्र निराळे. त्यातल्या कणांच्या लांब साखळ्या गुंतवळासारख्या असतात. ओढले की सरळ होतात, सोडले की पुन्हा गुंततात. कच्चे रबर उन्हात चिकट होई, थंडीत कडक. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली आढळले, की गंधक घालून तापवले तर ते टिकाऊ होते. उसाचा रस निवळण्यासाठी जाळतात तेच हे गंधक! ते साखळ्यांना एकमेकींत सांधते.

पण रबर दाबायला लागलेली सगळी शक्ती परत देत नाही. काहीची उष्णता होते. हवा कमी आणि भार जास्त असला की टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, तापतो आणि शेवटी फुटतो.

म्हणून एवढे करा. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंच्या पाट्यांची कमान ताडून पाहा. एक बाजू बसली असेल तर पाटा बदला. टायरची हवा थंड असतानाच तपासा. आणि "आणखी चार मोळ्या बसतील" हा मोह सोडा. बसलेल्या पाट्यावर कललेली ट्रॉली वळणावर उलटली, तर ऊस पुन्हा भरता येईल. गेलेला माणूस किंवा बैल परत येत नाही.

– ऊस विकास अधिकारी