प्रवासाचे पंचांग आणि भिगवणची पाणथळ

आपला देश खंडप्राय आहे. डिसेंबरच्या एकाच सप्ताहात लडाखमधील सरोवरे गोठलेली असतात, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील पावसाळा ओसरत असतो आणि इंदापूर तालुक्यात रब्बी ज्वारीची ताटे वाऱ्यावर डोलत असतात. अशा देशात प्रवासाला निघताना ‘कोठे जावे’ आणि ‘केव्हा जावे’ हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. प्रत्यक्षात मात्र सुट्टी आधी ठरते, त्या सुट्टीत सर्वजण जेथे जातात ते ठिकाण मग ठरते आणि त्या ठिकाणाचा ऋतू कोणता, ही चौकशी बहुधा राहूनच जाते. परिणामी पैसा व श्रम खर्चूनही पाहण्याजोगे ते दिसत नाही आणि यजमान गावावर एकाच वेळी गर्दीचा भार पडतो.

स्थळाचा काळ पाहून प्रवास ठरविण्याची रीत आपल्याला नवी नाही. श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी बारामती व इंदापूर तालुक्यांतूनच पंढरीकडे जाते. आषाढीची वारी खरिपाच्या पेरणीच्या सुमारास आणि कार्तिकीची वारी पावसाळा संपल्यावर येते. प्रवास आणि ऋतू यांची सांगड आपल्या पूर्वजांनी पंचांगातच घालून ठेवली होती. आधुनिक पर्यटनालाही अशा पंचांगाची आवश्यकता आहे. ते कसे वाचावे, याचा उत्तम वस्तुपाठ पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे मिळतो.

पाण्याचे चक्र

पुण्याहून सोलापूरच्या महामार्गाने सुमारे शंभर किलोमीटर गेले की भिगवण लागते. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग याच परिसरातील दिक्सळपर्यंत आला होता. हा भाग पर्जन्यछायेतील असल्याने येथे पाऊस बेताचाच पडतो. तरीही येथे दृष्टी पोहोचेल तेथवर पाणी दिसते, याचे कारण भीमा नदीवरील उजनी धरण. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उभारलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या ‘यशवंतसागर’ या जलाशयाचा फुगवटा मागे भिगवण, दिक्सळ, कुंभारगाव या गावांपर्यंत पसरला आहे.

हे पाणी येथील पावसाचे नाही. भीमाशंकर, मावळ, मुळशी या सह्याद्रीच्या पट्ट्यात पडलेला पाऊस भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांतून खाली येतो आणि उजनीत साठतो. धरण साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भरत जाते. त्यानंतर सिंचनासाठी कालव्यांतून व पिण्यासाठी नदीतून पाणी सोडण्यात येते आणि पातळी हळूहळू उतरू लागते. फुगवट्याच्या वरच्या टोकाला पात्र उथळ असल्याने पातळी थोडी खाली गेली तरी चिखलाचे मोठे पट्टे उघडे पडतात. या गाळात शेवाळ, किडे, शंख-शिंपले व लहान मासे विपुल असतात. पक्ष्यांना ही पंगत वाढलेलीच असते.

पाहुणे केव्हा येतात

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येथे पक्ष्यांची मोठी वर्दळ असते. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चमचा, राखी बगळा, चित्रबलाक, शेकाट्या आणि कुरव असे नानाविध पक्षी या काळात दिसतात. यांतील काही बारमाही रहिवासी आहेत, तर काही दूर उत्तरेकडून येतात. सर्वांत अधिक कुतूहल असते ते रोहित पक्ष्याचे, म्हणजेच फ्लेमिंगोचे. वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवून तो चिखलपाणी आत घेतो आणि त्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. हे काम त्याच्या पायांना तळ लागेल अशा उथळ पाण्यातच सुकर होते. म्हणून पाऊस लांबला व जलाशय काठोकाठ भरून राहिला, तर रोहितांचे थवे उशिरा येतात. पाणी लवकर उतरले, तर ते लवकर दिसू लागतात. दिनदर्शिकेतील तारखेपेक्षा पाण्याची पातळी त्यांना अधिक प्रमाण वाटते.

हे पक्षी स्वतःच देशांतर्गत प्रवासाचे जाणते अभ्यासक आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. रोहितांचे आपल्या देशातील प्रमुख वीणस्थान कच्छच्या रणात आहे. तेथेही पुरेसे पाणी साचेल त्या वर्षीच त्यांची वीण चांगली होते. पट्टकादंब या हंसाचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. उन्हाळ्यात तो लडाखमधील त्सो मोरीरीसारख्या उंचावरील सरोवरांच्या काठी, तसेच तिबेट व मंगोलियात अंडी घालतो. ती सरोवरे गोठू लागली की हिमालय ओलांडून तो दक्षिणेकडे येतो आणि हिवाळा आपल्या नद्या-तलावांच्या काठी काढतो. उन्हाळ्यात लडाख आणि हिवाळ्यात भीमाकाठ! माणसानेही हाच क्रम धरला, तर दोन्ही स्थळे त्यांच्या उत्तम काळात पाहून होतील.

जलाशयाचा दुसरा ऋतू

याच जलाशयाचे दुसरे दर्शन उन्हाळ्यात घडते. उजनीच्या साठ्याची रचना ध्यानात घेतली म्हणजे त्याचे कारण कळते. धरणातील उपयुक्त साठा सुमारे ५३.५७ अब्ज घनफूट, तर मृतसाठा सुमारे ६३.६६ अब्ज घनफूट आहे. पातळी उपयुक्त साठ्याच्या खाली गेली की ‘धरण उणे झाले’ असे म्हणतात. पातळी फार उतरली की जुन्या पळसदेव गावातील पळसनाथाचे दगडी मंदिर पाण्याबाहेर येते. २०२३ मध्ये पाऊस अपुरा झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात हे मंदिर पूर्णपणे उघडे पडले. ते पाहण्यास पुष्कळ लोक गेले. त्या शिल्पाचे दर्शन आनंदाचे खरे, परंतु ज्या वर्षी मंदिर दिसते ते वर्ष शेतकऱ्यांना व पाणीपुरवठ्याला कठीण गेलेले असते, याचे भान पाहुण्याने ठेवावयास हवे. धरणासाठी अनेक गावांना आपली घरे व काळी जमीन सोडून उठावे लागले. त्या गावांतील वृद्धांना हे मंदिर आपल्या गेलेल्या गावाची खूण वाटते.

उन्हाळ्यातील प्रवासाला आणखी एक सावधगिरी हवी. मे महिन्यात दुपारनंतर वळवाची वादळे अवचित उठतात. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राणास मुकावे लागले. स्थळ तेच असले, तरी जानेवारीच्या शांत सकाळी जे पाणी आरशासारखे असते, तेच मेच्या सायंकाळी जीवघेणे ठरू शकते. ‘केव्हा’ या प्रश्नात महिन्याबरोबर दिवसाचा प्रहरही येतो, तो असा.

आपल्या सुट्ट्या आणि देशाचे ऋतू

भिगवणचे हे सूत्र देशभर लागू करून पाहता येईल. महाराष्ट्रातील कुटुंबे मुख्यतः दिवाळी, नाताळ व उन्हाळा या तीन सुट्ट्यांत बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील पाऊस सरलेला असतो, म्हणून दक्षिणेची यात्रा आखली जाते. परंतु तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात पडतो, आणि वादळेही याच सुमारास येतात. रामेश्वरची यात्रा जानेवारी-फेब्रुवारीत केली, तर ती अधिक सुखाची होते. नाताळच्या दिवसांत भिगवणप्रमाणेच कच्छचे रण, राजस्थानातील भरतपूर आणि ओडिशातील चिल्का सरोवर ही स्थळे ऐन बहरात असतात. उन्हाळ्यात राजस्थान व उत्तरेच्या मैदानात उष्ण वारे वाहतात, तर बदरी-केदारची मंदिरे याच काळात उघडलेली असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये हिमालयाच्या दक्षिण उतारावर दरडी कोसळण्याचे भय असते. त्याच वेळी त्याच पर्वताच्या पर्जन्यछायेत असलेल्या लडाखमध्ये पाऊस अल्प असतो आणि मनाली-लेह रस्ता खुला असतो. तेथे पोहोचल्यावर विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिले एक-दोन दिवस विश्रांती घेणे अगत्याचे आहे. सह्याद्रीच्या आडोशाने इंदापूर कोरडे राहते आणि हिमालयाच्या आडोशाने लडाख. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील पर्जन्यछाया विद्यार्थ्यांना या दोन उदाहरणांनी सहज उमगेल.

दूर जाणे शक्य नसेल, तरीही निराश होण्याचे कारण नाही. आपल्या राज्यातच वर्षभराचे पंचांग भरलेले आहे. सातारा जिल्ह्यातील कास पठार सप्टेंबरच्या सुमारास फुलते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास कासवाची पिले समुद्राकडे धाव घेतात. ताडोबात उन्हाळ्यात वन्यप्राणी पाणवठ्यावर येतात. रोहित पक्षी मुंबईकरांना ठाणे खाडीत दिसू शकतात आणि नाशिककरांना पक्ष्यांसाठी नांदूर मधमेश्वर जवळ आहे. २०२० मध्ये नांदूर मधमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झाले. जवळचे स्थळ योग्य वेळी पाहणे हे दूरचे स्थळ अवेळी पाहण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

यजमान गावाचा विचार

प्रवासाची वेळ ठरविताना आपण ज्यांच्या घरी जाणार, त्यांचाही विचार करावयास हवा. कुंभारगाव, दिक्सळ येथे पक्षी दाखविणारे नावाडी मूळचे मासेमार आहेत. भिगवणचा मासळी बाजार या परिसरातील अर्थव्यवहाराचा एक आधार आहे. हिवाळ्यातील पर्यटनाने नावाडी, घरगुती भोजन देणाऱ्या भगिनी आणि निवासाची सोय करणारे शेतकरी यांना जोडधंदा मिळाला आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले, त्यामागेही शेतकऱ्याच्या उत्पन्नात अशी भर पडावी हाच हेतू आहे.

तथापि नाताळचा सप्ताह व रविवार या मोजक्या दिवशी सर्वांनी लोटावे आणि इतर दिवशी नावा काठाला बांधून ठेवाव्यात, हे कोणाच्याच हिताचे नाही. गर्दीच्या दिवशी उत्साही पाहुणे ‘थवा उडालेला पाहावयाचा आहे’ असा आग्रह धरतात आणि नाव पक्ष्यांच्या घोळक्यात घातली जाते. रोहितासारख्या मोठ्या पक्ष्याला उड्डाणापूर्वी पाण्यावर धावत जावे लागते. त्यात त्याची शक्ती खर्च होते. दिवसातून अनेक वेळा असे उठविले गेले, तर त्याचे चरणे अपुरे राहते आणि अखेरीस तो ती जागा सोडतो. पक्षी गेले तर नावाड्याचा रोजगारही जाणार, हे उघड आहे. नाव दूर थांबवून शांतपणे पक्षी दाखविणाऱ्या नावाड्याची कदर पाहुण्यांनी करावी. कास पठारावर दररोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवून आगाऊ नोंदणीची पद्धत अवलंबिण्यात आली, ती याच विचाराने.

शाळा व पंचायतींनी काय करावे

शालेय सहलींसाठी राज्य परिवहन महामंडळ भाड्यात ५० टक्के सवलत देते. तिचा लाभ घेताना शिक्षकांनी सहलीचा दिवस ठरविण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. जे पाहावयाचे ते कोणत्या महिन्यात घडते, ही पहिली. या वर्षीचा पाऊस व पाणीसाठा कसा आहे, ही दुसरी. उजनीच्या साठ्याची टक्केवारी वृत्तपत्रांत प्रसिद्ध होत असते. डिसेंबरमध्येही धरण काठोकाठ भरलेले असेल, तर सहल जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत नेणे इष्ट. त्या दिवशी गर्दी किती असेल, ही तिसरी. शनिवार-रविवार टाळून आठवड्यातील मधला दिवस निवडल्यास मुलांना नीट पाहता येते आणि नावाड्यांनाही एरवीच्या रिकाम्या दिवशी काम मिळते. प्रहर कोणता, ही चौथी. हिवाळ्यातील सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सर्वोत्तम असतात, कारण वारा मंद असतो आणि पक्षी चरण्यात गढलेले असतात.

ग्रामपंचायतींनाही बरेच करता येईल. आपल्या गावी कोणत्या महिन्यात काय पाहावयास मिळते, याचा फलक मुख्य रस्त्यावर लावावा. प्रत्येक नावेत जीवरक्षक जाकिटे असावीत, नावेची क्षमता तिच्यावर रंगवलेली असावी आणि वारा उठताच नावा काठाला घेण्याचा नियम कटाक्षाने पाळला जावा. पक्ष्यांपासून किती अंतर राखावयाचे, हे नावाड्यांनी एकत्र बसून ठरविले तर तो नियम अधिक टिकेल. प्लॅस्टिकचा कचरा काठावर न टाकता पाहुण्यांनी तो परत न्यावा, अशी व्यवस्थाही करता येण्याजोगी आहे.

प्रत्येक गावाचा असा काही ना काही ऋतू असतो. कोठे तो हुरड्याचा असतो, कोठे यात्रेचा, कोठे धबधब्याचा. शाळेतील विद्यार्थ्यांनी वर्षभर नोंदी ठेवून आपल्या गावाचे असे पंचांग तयार केले आणि पंचायतीने ते प्रसिद्ध केले, तर पाहुण्यांना दिशा मिळेल आणि गावालाही आपल्या वैभवाची नव्याने ओळख होईल. या कामासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वही, लेखणी आणि बारा महिन्यांचा धीर एवढी सामग्री त्यास पुरे आहे.