हरिहरालयाची गावे : दासांच्या नावांचे शिलालेख आणि आजचे विहार

कंबोडियाच्या यात्रेस जाणारे आपल्याकडील उपासक बहुधा अंकोर वाट व बायोन ही स्थळे मोटारीने पाहून परततात. ज्यांच्यापाशी आणखी एक दिवस असेल, त्यांनी तो रोलुओसच्या सायकल-सहलीसाठी राखून ठेवावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. सिएम रीप शहराच्या आग्नेयेस सुमारे १३ किलोमीटरवर रोलुओस आहे. नवव्या शतकातील ख्मेर राजधानी हरिहरालय ती हीच. अंकोर वाटची भव्यता येथे नाही. परंतु ही मंदिरे कोणाच्या श्रमांवर चालत, याचा लेखी पुरावा येथील दगडांवर कोरलेला आहे, आणि त्याच परिसरात आज भिक्खुसंघ नांदतो आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र पाहणे हाच या सहलीचा खरा लाभ होय.

सहल सकाळी लवकर निघते. माहीतगार वाटाड्या वाहनांनी गजबजलेला राष्ट्रीय मार्ग क्रमांक ६ टाळून शेतांमधल्या तांबड्या मातीच्या वाटांनी नेतो. दोन्ही बाजूंस भातशेती, मधूनमधून ताडाची झाडे आणि खांबांवर उभारलेली लाकडी घरे दिसतात. घराखालच्या सावलीत गुरे बांधलेली असतात, झोपाळे टांगलेले असतात. प्रदेश सपाट असल्यामुळे सायकल चालविणे कष्टाचे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. अंकोर क्षेत्राचा परवाना येथेही लागतो. खांदे व गुडघे झाकतील असा पोशाख असावा.

इंद्रवर्मन पहिला या राजाने बांधलेले प्रेह को हे मंदिर प्रथम लागते. राजाच्या पूर्वजांना वाहिलेले विटांचे सहा प्रासाद एका चौथऱ्यावर दोन रांगांत उभे आहेत. समोरील दगडी नंदींवरून ‘पवित्र बैल’ हे नाव पडले. येथील शिलालेखाचा काळ शक ८०१ असा आहे. महाराष्ट्रातील वाचकास शककाल परका नाही. त्यात ७८ मिळविले की इ. स. ८७९ हे वर्ष येते. जवळच बाकोंग हे पाच टप्प्यांचे वालुकाश्माचे पिरॅमिडसदृश शिवमंदिर आहे. त्याची प्रतिष्ठापना ८८१ साली झाली.

तिसरे स्थळ लोलेई. इंद्रवर्मनाचा पुत्र यशोवर्मन याने ८९३ साली हे मंदिर ‘इंद्रतटाक’ नावाच्या जलाशयातील बेटावर बांधले. सुमारे ३,८०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असा तो जलाशय आता कोरडा असून त्याच्या तळाशी भाताची शेते आहेत. सायकलस्वार ज्या वाटेने लोलेईला पोचतो, तेथे एके काळी पाणी होते.

लोलेईच्या दरवाजांच्या बाजूच्या दगडी चौकटी अवश्य निरखून पाहाव्यात. त्यांवर बारीक, सुबक अक्षरांत मंदिराला दिलेल्या सेवकांची नावे प्राचीन ख्मेर भाषेत कोरली आहेत. कामाची वाटणी शुक्ल व कृष्ण पक्षांनुसार केलेली दिसते. ख्मेर शिलालेखांची सर्वसाधारण रीत अशी की, देवांची व राजांची स्तुती संस्कृत श्लोकांत असावी. जमीन, गुरे व दास यांची मोजदाद मात्र ख्मेर गद्यात असावी. अशा सेवकांना ‘ख्ञुम’ म्हणत. ते सर्वार्थाने गुलाम होते की ठरावीक काळ सेवा देणारे ग्रामस्थ होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि त्यांचे दान होत असे, ही गोष्ट शिलालेखच सांगतात.

अंकोरकालीन याद्यांतील काही नावांचा अर्थ ‘कुत्रा’, ‘मांजर’, ‘दुर्गंधी’ असा आहे. हे वाचताना मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील, शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, हा नियम आपल्या वाचकांना आठवल्यावाचून राहणार नाही. तथापि घाईने निष्कर्ष काढू नये. मूल जगावे म्हणून त्यास धोंडू, कचरू असे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडेही होती. तशी समजूत तेथेही असू शकेल. परंतु नाव मायेने ठेवलेले असो वा तिरस्काराने, ते मंदिराच्या मालमत्तेच्या यादीत चढले, हा मुख्य मुद्दा राहतोच.

सत्यास धरून आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ही पद्धत केवळ शैव राजांची नव्हती. महायानी राजा सातवा जयवर्मन याच्या ता प्रोम येथील ११८६ च्या शिलालेखात त्या विहाराच्या सेवेसाठी नेमून दिलेल्या गावांची संख्या ३,१४० व त्यांतील माणसांची संख्या ७९,३६५ दिली आहे. राजा बौद्ध झाला म्हणून गावकऱ्याच्या खांद्यावरचा भार उतरतोच असे नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस चित्र बदलू लागले. १२९६-९७ मध्ये अंकोरला आलेला चिनी प्रवासी चौ ता-कुआन पिवळी चीवरे धारण करणाऱ्या भिक्खूंचे वर्णन करतो. १३०९ च्या कोक स्वाय चेक येथील शिलालेखात राजा श्रीन्द्रवर्मनाने एका महाथेरांना गाव दिल्याची नोंद पाली भाषेत आहे. गावदानाची रीत टिकली. परंतु पुढील शतकांत विटा-दगडांच्या प्रचंड मंदिरांऐवजी गावोगावचे विहार समाजाचे केंद्र झाले. शेतकऱ्यांची मुले तेथेच वाचावयास शिकत.

लोलेई व बाकोंग या दोन्ही ठिकाणी प्राचीन मंदिरांच्या परिसरात असे विहार आज नांदते आहेत. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत भिक्खूंना बळाने चीवर उतरविण्यास लावले गेले, कित्येकांचा बळी गेला, विहारांची कोठारे झाली. गावकऱ्यांनी त्यानंतर संघ पुन्हा उभा केला. म्हणून येथील विहार पाहुण्याने घाईत ओलांडू नये. पादत्राणे बाहेर काढून आत बसावे. त्रिशरण-पंचशील तेथेही पालीतच म्हटले जाते. उच्चार निराळा असला तरी चार-दोन शब्दांतच ओळख पटते.

वाटाड्याच्या बोलण्यात ‘ख्ञोम’ हा शब्द वारंवार ऐकू येईल. आजच्या ख्मेर भाषेत त्याचा अर्थ ‘मी’. शिलालेखातील ‘ख्ञुम’ तोच हा. विनयाने स्वतःस सेवक म्हणण्याची रीत अनेक भाषांत आहे, त्यामुळे या शब्दात आजची गुलामी शोधणे चुकीचे ठरेल. परंतु लोलेईच्या चौकटीसमोर उभे राहून वाटाड्यास त्या नावांपैकी दोन-चार वाचून दाखविण्याची विनंती करावी. राजाचे नाव कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडते. ती नावे तेथे, त्या दगडावरच वाचावी लागतात.